लक्ष द्यावं लागतं म्हणून बंद



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी गुडघा, मग दिवाळी, मग विमानाचा प्रवास अशी कारणं आहेत. आळस झाकायला तेवढी पुरेशी आहेत असं समजून चालू या. सध्या मुक्काम लेकीकडे, न्यू जर्सीला. बाहेर थंडी, त्यामुळे फिरणं बंद. घरात भांडी घासायला यंत्र, कपडे वाळवायला यंत्र. आमच्या डोंबिवलीत सकाळपासून दहा वेळा दाराची बेल वाजते, इथे आठवड्यात एकदाही नाही. थोडक्यात काय, तर टीव्ही बघणे हा मुख्य उद्योग.

गेल्या ऑगस्टमध्ये (२०२५) 'द नेकेड गन' नावाचा एक विनोदी इंग्रजी सिनेमा आला होता. लिअम नीसन त्यात पोलीस झाला आहे. नातवाने तो तेव्हाच पाहिलेला, पण त्यातले विनोद सांगणं अजून संपलेलं नाही. परवा जेवताना पुन्हा सुरू झाला, तेव्हा जावई म्हणाले, "अरे, हे काहीच नाही. ज्याच्यापासून हे सगळं निघालं ते बघ. सहाच भाग आहेत." त्यांच्याकडे त्या जुन्या मालिकेची डिस्क निघाली. शनिवारी रात्री आम्ही चौघं बसलो.

मालिकेचं नाव 'पोलीस स्क्वॉड!' शेवटचं उद्गारचिन्ह माझं नाही, ते नावातच आहे. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ४ मार्च १९८२ रोजी पहिला भाग लागला. मार्चमध्येच चार भाग झाले आणि वाहिनीने मालिका बंद केली. तयार असलेले उरलेले दोन भाग जुलैत दाखवून टाकले. संपलं. सगळे मिळून अडीच तास. आमच्याकडे एखाद्या मालिकेत लग्नाची नुसती हळद याहून जास्त वेळ चालते.

खरं सांगते, पहिला भाग बघताना मला एकदाही हसू आलं नाही. माझ्या मांडीवर मेथीची जुडी होती (इथे सगळं मिळतं). कान टीव्हीकडे, हात मेथीत. एका ठिकाणी दरोडा पडतो, दोन माणसं मरतात, एक पोलीस अधिकारी चौकशीला निघतो आणि जाड, थकल्या आवाजात आपलीच कहाणी सांगत राहतो. साधी पोलिसी गोष्ट. यात हसायचं काय? आणि बाकीचे तिघं तर पोट धरून हसत होते. विनोदी मालिकांत पडद्यामागे माणसं हसतात ना, तसा आवाजही यात नाही. त्यामुळे कुठे हसायचं हेसुद्धा कळेना.

नातू म्हणाला, "आजी, तू बघतच नाहीयेस."

म्हटलं, "बघतेय की. ऐकतेय सगळं."

"ऐकून नाही गं कळणार. बघ."

मेथी बाजूला ठेवली. चष्मा पुसला. जावयांनी खाली इंग्रजी अक्षरं लावून दिली, आणि आम्ही पहिला भाग पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

मंडळी, ही मालिका वेगळीच निघाली!

सुरुवातीलाच निवेदक भारदस्त आवाजात "खास पाहुणे कलाकार" म्हणून एका नामवंत नटाचं नाव घेतो, आणि तो नट पडद्यावर येताच मारला जातो. खेळ खलास. पुढच्या गोष्टीत तो नाहीच. असं प्रत्येक भागात. एका भागात विल्यम शॅटनर आहे. तो गोळीबारातून शिताफीने वाचतो, मग निश्चिंतपणे पेल्यातला एक घोट घेतो आणि विषाने मरतो. श्रेयनामावलीत अब्राहम लिंकनची भूमिका करणाऱ्याचं नाव येतं. लिंकन नाटकगृहात बसलेला, त्याच्यावर गोळी झाडली जाते, आणि तो वळून उलट गोळीबार करतो! या लिंकनचाही गोष्टीशी काही संबंध नाही. भागाचं शीर्षक पडद्यावर एक लिहिलेलं असतं, निवेदक वाचतो भलतंच. मी आधी ऐकलं होतं, वाचलं नव्हतं. म्हणजे पहिला विनोद मेथीच्या काड्यांबरोबर गेला होता.

पोलीस खात्याच्या इमारतीत लिफ्टचं दार मध्येच उघडतं तर बाहेर पोहण्याचा तलाव. लिफ्टमधला एक जण शांतपणे त्यात सूर मारतो, दार मिटतं, पोलिसांचं बोलणं पुढे चालू. एक सहकारी इतका उंच आहे की त्याचा चेहरा कधीच चौकटीत मावत नाही. अधिकारी गाडी लावताना दर वेळी कचऱ्याचे डबे उडवतो आणि दर वेळी तितक्याच रुबाबात उतरतो. रस्त्याच्या कडेला बूटपॉलिश करणारा जॉनी हा त्याचा खबऱ्या. चार नोटा दिल्या की गुन्हेगारी जगतातली कुठलीही माहिती देतो. अधिकारी निघून गेला की पुढचं गिऱ्हाईक येतं. एकदा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर येतो आणि हृदयाचं ऑपरेशन कसं करायचं ते विचारतो. एकदा पाद्री येतो, मृत्यूनंतर जीवन आहे का म्हणून. जॉनी पैसे खिशात टाकतो आणि त्यांनाही सांगतो.

आणि शेवट. जुन्या मालिकांत शेवटी सगळे हसतात आणि चित्र गोठतं, आठवतंय? इथे चित्र गोठत नाही, नट नुसते गोठल्यासारखे उभे राहतात. कॉफी ओतणारा तसाच उभा, कॉफी ओतली जातेय, कप भरून वाहतोय. एका भागात पकडलेल्या आरोपीच्या लक्षात येतं की हे सगळे पुतळे झालेत. मग तो पळायचा रस्ता शोधू लागतो.

हे सगळं चाललेलं असताना मुख्य अधिकारी फ्रँक ड्रेबिन एकदाही हसत नाही. ते काम लेस्ली नील्सन या नटाने केलं. जन्म १९२६ चा, कॅनडातला. पन्नाशी उलटेपर्यंत हा गंभीर कामं करणारा नट. 'द पोसायडन ॲडव्हेंचर' (१९७२) मध्ये बुडणाऱ्या बोटीचा कप्तान होता. डेव्हिड आणि जेरी झकर हे दोघे भाऊ आणि त्यांचा मित्र जिम अब्राहम्स, अशा तिघांनी १९८० साली 'एअरप्लेन!' हा सिनेमा काढला, त्यात त्याला घेतलं. या तिघांची युक्ती अशी, की विनोदी नट घ्यायचे नाहीत. गंभीर नट घ्यायचे, आणि त्यांच्याकडून वेड्यासारखी वाक्यं अगदी गंभीरपणे म्हणून घ्यायची. त्याच तिघांनी मग ही मालिका काढली.

आता थोडा मास्तरकीचा भाग, सवयीने. तास घेतल्याशिवाय मला राहवत नाही, जुन्या विद्यार्थ्यांनी सोसून घ्यावं.

विडंबन शिकवताना मी वर्गात पहिल्यांदा हेच सांगायची की मूळ कविता माहीत हवी. आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' वाचून ज्याला हसू येत नाही, त्याने बहुधा मूळ कवी वाचलेले नसतात. मग 'पोलीस स्क्वॉड!'चं मूळ कुठलं? अमेरिकेत १९२० नंतरच्या काळात गुप्तहेरकथांचा एक प्रकार निघाला. त्याला ते 'हार्ड-बॉइल्ड' म्हणतात, म्हणजे अंडं उकडून उकडून घट्ट होतं तसा घट्ट झालेला माणूस. डॅशिएल हॅमेट हा त्यातला मोठा लेखक. तो स्वतः आधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. त्याची 'द माल्टीज फाल्कन' १९३० ची. पुढे रेमंड चँडलर आला, त्याची 'द बिग स्लीप' १९३९ ची, आणि त्यातला गुप्तहेर आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो. शेरलॉक होम्ससारखं आरामखुर्चीत बसून कोडं सोडवायचं नाही. अंधाऱ्या गल्लीतून फिरायचं, मार खायचा, कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि बोलायचं ते तुटक, कोरडं. हीच बोलण्याची पद्धत पुढे टीव्हीवरच्या पोलिसांनी उचलली. १९५७ ते १९६० 'एम स्क्वॉड' नावाची मालिका होती, ली मार्विन त्यात शिकागोचा पोलीस होता, आणि तोही आपली हकीकत आपणच सांगायचा. 'पोलीस स्क्वॉड!' हे मुख्यतः तिचं विडंबन.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही कधी पाहिली ती 'एम स्क्वॉड'? नाही पाहिली. चँडलरही वाचलेला नाही. माझं शिक्षण सगळं मराठीतून, इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली की तिसऱ्या पानाला झोप. पण आमच्या घरी बाबुराव अर्नाळकर होते! आमचे हे वाचनालयातून झुंजार आणि काळा पहाड आणायचे, एका बैठकीत संपवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या बाबुरावांनी. मी मराठीची शिक्षिका, मला त्या पुस्तकांचं वावडं. पण उशाशी असायची, मग काय, मीही वाचायची, ह्यांना झोप लागल्यावर. तेव्हा रहस्यकथेतला करारी आवाज कसा असतो, संशयित कसा चपापतो, नायक कसा शांत राहतो, हे मला पाठ होतं. विडंबन कळायला तेवढं पुरलं.

असो. आता मुद्द्यावर येते.

ही मालिका बंद का केली? एबीसी वाहिनीच्या करमणूक विभागाचे तेव्हाचे प्रमुख होते टोनी थोमोपोलस. त्यांनी जे कारण दिलं ते आज त्या मालिकेपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ही मालिका समजायची तर प्रेक्षकाला ती बघावी लागते. म्हणून बंद.

जावयांनी हे सांगितल्यावर नातू खो खो हसला. म्हणाला, "टीव्हीवाला म्हणतो की लोकांना बघावं लागतं म्हणून बंद? मग टीव्ही कशाला असतो?" टीव्हीची माहिती देणाऱ्या तिथल्या एका नावाजलेल्या साप्ताहिकानेही या कारणाला मूर्खपणाचा कळस म्हटलं होतं म्हणे. मीही हसले. माझ्या गोपनीय अहवालात मुख्याध्यापकांनी असं लिहिलं असतं तर? 'बाईंचा तास बंद करावा, कारण तो समजण्यासाठी मुलांना ऐकावं लागतं.'

पण रात्री पडल्यापडल्या वाटलं, आपण त्या गृहस्थाला उगाच हसलो. तो खोटं काय बोलला? अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः मेथी निवडत त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. पोळ्या लाटताना टीव्हीकडे पाठ करून आपली एक मराठी मालिका लावली. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ती लागते. पंचवीस मिनिटांत एक वेळही वळून पाहिलं नाही, आणि मला सगळं कळलं. कोण रागावलं, कोणी चोरून ऐकलं, कोणाच्या हातून ताट पडलं. कारण ताट पडलं की ढोल वाजतो, मग प्रत्येक जण "ताट पडलं?" असं विचारतो. ती मालिका पाठीसाठीच केलेली आहे. मग 'पोलीस स्क्वॉड!'चा तिसरा भाग पाठ करून ऐकला. ऐकू आली ती पुन्हा एक सरळ पोलिसी गोष्ट.

म्हणजे थोमोपोलस साहेबांना आपलं गिऱ्हाईक बरोबर माहीत होतं. १९८२ पर्यंत अमेरिकेच्या घरात टीव्ही येऊन तीस वर्षं झाली होती. तो कोपऱ्यात चालू असायचा, समोर माणसं जेवायची, भांडायची, इस्त्री करायची. तशा घरात मागच्या भिंतीजवळ घडणारा विनोद कोण बघणार? आणि गंमत बघा. त्याच फ्रँक ड्रेबिनला, त्याच नटाला, तशाच विनोदांना घेऊन त्या तिघांनी १९८८ साली पहिला 'द नेकेड गन' काढला आणि तो इतका चालला की १९९१ आणि १९९४ साली आणखी दोन आले. मालिका बंद पडली त्याच वर्षी नील्सनला अभिनयासाठी आणि त्या तिघांना लेखनासाठी एमी पुरस्काराची नामांकनं मिळाली होती. म्हणजे मालात खोट नव्हती. फरक एवढाच की सिनेमाला माणूस तिकीट काढून जातो, दिवे मालवतात, आणि दोन तास दुसरं करायला काही नसतं. धडा तोच, मुलंही तीच. पहिल्या तासाला समजतो आणि डबा खाल्ल्यानंतरच्या तासाला समजत नाही, हे कुठलीही शिक्षिका सांगेल.

आणि आपल्याकडे? 'पोलीस स्क्वॉड!'च्या नावानंतर निवेदक मोठ्या ऐटीत "रंगीत!" असं जाहीर करतो. अमेरिकेत तेव्हा रंगीत टीव्ही जुना झाला होता, म्हणून तो विनोद. आपल्याकडे नेमक्या त्याच १९८२ साली, १५ ऑगस्टपासून दूरदर्शन रंगीत झालं, आणि तो विनोद नव्हता, बातमी होती! आमच्या चाळीत तेव्हा एकच टीव्ही, तोही कृष्णधवल, कोपऱ्यातल्या खोलीत. संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसायची. मुलं पुढे, म्हातारी खाटेवर, आम्ही सुना दारात उभ्या. 'आमची माती आमची माणसं' लागायचं, आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी नांगर धरला नाही अशी माणसं भुईमुगावरची कीड डोळ्यांची पापणी न लववता बघायची. लक्ष कसं द्यायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. समोर जे आलं ते बघायचं, एवढंच माहीत होतं. मग घरोघरी टीव्ही आला, मग दोन-दोन आले, आणि आम्हीही पाठ करून ऐकायला शिकलो. अमेरिकेला जायला तीस वर्षं लागली, आम्ही त्याहून लवकर पोचलो.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होते. पण खरी गोष्ट राहिली आहे, ती सांगते. घरचे वाचतील, वाचू देत.

मालिकेत एक विनोद पुन्हा पुन्हा येतो. कोणी तरी समोरच्यापुढे सिगारेट धरून विचारतो, "सिगारेट?" आणि समोरचा सिगारेटकडे बघून गंभीरपणे "हो, सिगारेटच" अशा अर्थाचं उत्तर देतो. बस. कोणी हसत नाही, कोणी थांबत नाही, बोलणं पुढे जातं. नातवाने ते दोनदा मागे नेऊन दाखवलं. तो हसत होता, आणि मी एकदम गप्प झाले. लेकीच्या लक्षात आलं. "काय झालं आई?" म्हणाली. "काही नाही," म्हटलं.

आमचे हे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. स्वभावाने अबोल अशी त्यांची ख्याती. पण अबोल नव्हते, विनोदी होते. फक्त चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, त्यामुळे बहुतेकांना पत्ताच लागायचा नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी यायचे. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली. म्हणायचे, "आज साहेबांनी माझं फार कौतुक केलं."

मी म्हणायची, "हं."

"म्हणाले, तुमच्यासारखा माणूस या खात्यात दुसरा नाही."

"हं."

"आणि असता कामा नये."

"हं. चहा ठेवू का?"

मग ते स्वतःच जाऊन चहा ठेवायचे. कधी रागावले नाहीत, कधी "अगं, विनोद केला मी" असं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवीन काही तरी. मी "हं" म्हणायची आणि लाल पेनाने चुका काढायची. कधी तरी रात्री, दिवा मालवल्यावर, त्यातला एखादा मला उमगायचा आणि मी अंधारात हसायची. तेव्हा पलीकडून शांत आवाज यायचा, "पोचला वाटतं."

२०१९ साली ते गेले. शेवटचे बारा दिवस दवाखान्यात होते. सकाळी डॉक्टरांची फेरी असायची. तरुण, सज्जन, कामात बुडालेला मुलगा. त्याने कागदावरून मान वर न करता विचारलं, "आजोबा, झोप लागते का?"

हे म्हणाले, "लागते ना. रोज लागते."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्यांची पाकिटं लावत होते, सकाळच्या इकडे, रात्रीच्या तिकडे. मी म्हटलं, "हं. छान."

सहा वर्षांनी, न्यू जर्सीत, "सिगारेट?" "हो, सिगारेटच" हे तिसऱ्यांदा बघताना मला ते वाक्य ऐकू आलं. 'झोप लागते' म्हणजे झोप येते. आणि 'लागते' म्हणजे हवी असते. पैसे लागतात, औषध लागतं, तशी. रोज लागते. मिळते असं ते म्हणालेच नव्हते. 'लागणे' या क्रियापदाचे वेगवेगळे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मी चौतीस वर्षं नववीला घातला. भूक लागणे, ठेच लागणे, नाद लागणे, वेळ लागणे. माझ्या समोर, माझ्यासाठी केलेला वाक्यात उपयोग मला कळला नाही. त्यांना जाऊन महिना झाल्यावर रात्रपाळीच्या मावशी भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "आजोबा रात्रभर जागेच असायचे हो, पण कधी हाक मारली नाही." तेव्हाही मला तो धागा जुळला नव्हता.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. कळलं असतं तर डॉक्टरांना म्हटलं असतं, त्यांनी एखादी गोळी दिली असती, चार रात्री बऱ्या गेल्या असत्या. आयुष्य वाढलं असतं असं नाही. पण चार रात्री काही थोड्या नव्हेत.

म्हणून माझं मत असं बनलं आहे. जो माणूस विनोद करून "बघा, विनोद केला" असं सांगत नाही, मागे हशा लावत नाही, ढोल वाजवत नाही, तो समोरच्याला मान देतो. तो गृहीत धरतो की समोरचा जागा आहे. यात त्याची जोखीम असते, कारण समोरचा जागा नसला तर सगळं फुकट जातं. एबीसी वाहिनीने ही जोखीम चार भाग घेतली आणि हात टेकले. आमच्या घरी ती मालिका पंचेचाळीस वर्षं चालली, प्रेक्षक एक, आणि तोही वह्या तपासणारा. त्यांनी बंद केली नाही.

नातवाशी यावर वाद झाला, तोही सांगायला हवा. तो म्हणाला, "आजी, सहाच भाग आहेत म्हणून चांगले आहेत. शंभर असते तर तूच कंटाळली असतीस." यात तथ्य आहे. एका मिनिटाला इतके विनोद वर्षानुवर्षं कोण पुरवणार? आणि दमून आलेल्या माणसाला घरी आल्यावर कधी कधी डोकं बाजूला ठेवायचं असतं, तेही मला मान्य. माझ्या पाठीसाठी केलेली मालिका मी उद्यापासून बंद करणार नाही, पोळ्या तर लाटायच्याच आहेत. माझा आक्षेप एवढाच की लक्ष मागणं हा दोष म्हणून लिहिला गेला. कंटाळवाणी आहे म्हणून बंद करा, महाग पडते म्हणून बंद करा. पण लक्ष द्यावं लागतं म्हणून? मग या न्यायाने कविता बंद करावी लागेल, गाण्याची बैठक बंद करावी लागेल, आणि घरातली कमी बोलणारी सगळी माणसंही.

आता मी एक नियम केला आहे. घरातलं कोणी बोलायला लागलं की हातातलं काम खाली ठेवायचं. सोपं नाही. कालच नातू काही तरी सांगत होता आणि माझ्या तोंडून सवयीने "हं" निघालं. तो थांबला आणि म्हणाला, "आजी, मेथी?"

हातात मेथी नव्हती. तरीही त्याचं बरोबर होतं.

तुमच्याकडे असं कोणी आहे का, चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोलणारं? असेल तर आज जरा नीट ऐका, आणि काय म्हणाले ते मला जरूर कळवा. आणि हा लेख भाजी निवडता निवडता वाचला असेल, तर कृपया पुन्हा वाचा. :-)

ता. क. पहिल्या दिवशीच्या मेथीत काड्या फार राहिल्या होत्या, असं लेकीचं म्हणणं आहे. म्हणजे त्या रात्री माझं लक्ष मालिकेतही नव्हतं आणि मेथीतही नव्हतं.